बंपरची कल्हई

दिवाळी जवळ आली की घरातल्या जुन्या वस्तूंचे नशीब उघडते. वर्षभर माळ्यावर काळवंडून पडलेल्या समया खाली येतात, चिंचेचा कोळ अंगाला लावून घेतात आणि पिवळ्याधमक होऊन देवापुढे उभ्या राहतात. भिंतींवरून रंगाचा हात फिरतो. कुरकुरणाऱ्या झोपाळ्याच्या कड्या तेल पितात आणि मुकाट्याने झुलू लागतात. जुन्याला नवे करण्याचा हा खटाटोप आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात नीतीचा काही प्रश्न दडलेला असेल अशी शंकादेखील आपल्या मनाला शिवत नाही.

माझ्याही मनाला ती कधी शिवली नव्हती. ती शिवली गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आठ दिवस आधी. आणि तिला निमित्त झाले आमच्या जुन्या मोटारीच्या पांढऱ्या पडलेल्या बंपरचे.

ही मोटार तेव्हा तेरा वर्षांची होती. आम्ही ती घेतली तेव्हाच ती चार वर्षांची होती. म्हणजे आयुष्याची नऊ वर्षे तिने आमच्या दारात काढली. अगदी दारातच, कारण तिला ठेवायला आमच्याकडे छप्पर नाही. कऱ्हाडचे उन्हाळे काही सौम्य नसतात, आणि आमचे दार पश्चिमेकडे. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ती बिचारी तोंडावर ऊन घेत उभी असे. पत्रा टिकला, काचा टिकल्या; पण अंगावरचे जे काळे प्लास्टिक होते ते सारे उतरले. पुढचा-मागचा बंपर, दारांवरच्या आडव्या पट्ट्या, वायपरखालची जाळी, बगलेच्या आरशांची टोपणे हे सगळे राखेसारखे पांढरट झाले. हात फिरवला तर बोटांना करडी भुकटी लागे. निवृत्त माणसाच्या भुवया आधी पिकाव्यात तशी ती दिसे.

गाडी विकायची ठरले आणि योगायोगाने माझा एक जुना विद्यार्थीच ती घ्यायला तयार झाला. बाजारात त्याचे मोबाइल दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. बायको, चार वर्षांची मुलगी असा संसार. आणि पाटणकडे डोंगरावरच्या गावी म्हातारी आई. आईचे गुडघे गेलेले. तिला महिन्यातून एकदा खाली डॉक्टरकडे आणायचे तर एसटीच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. म्हणून त्याने पै-पै साठवली होती. फोनवर म्हणाला, “सर, दुसऱ्या कुणाची गाडी घ्यायला भीती वाटते. तुमची आहे म्हटल्यावर बघायचं काय त्यात? दसऱ्याला घरी न्यावी म्हणतो.”

माझा पुतण्या हे ऐकत होता. तो म्हणाला, “काका, बघायचं काय म्हणाला तरी बघणार ना तो! असला भुताटकीचा बंपर दाखवणार का त्याला? तीनशे रुपयांचं काम आहे. गॅरेजला नेऊन आणतो.”

मीही बरोबर गेलो. आमचे मिस्त्री हे आपल्या धंद्यातले तत्त्वज्ञ आहेत. त्यांनी बंपरवर पाण्याचा शिपका मारला. पांढरा बंपर क्षणात काळाभोर झाला. मी आश्चर्याने पाहत असताना ते पाणी सुकले आणि पुन्हा पांढरा! “गुरुजी,” ते म्हणाले, “काळा रंग कुठं गेलेला नाही. आतच आहे.”

त्यांनी सांगितले ते खरे होते. पुढे मी त्याविषयी थोडे वाचले तेव्हा मला त्याची अधिकच मौज वाटली. गाड्यांचे हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रोपिलीन जातीचे असते. इटलीतील जुलिओ नात्ता या रसायनशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये त्याचे आजचे टणक रूप सिद्ध केले, आणि पुढे १९६३ मध्ये त्याला कार्ल त्सिग्लर या जर्मन शास्त्रज्ञाच्या जोडीने नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्लास्टिक मुळात काळे नसते. त्याला काळे करते ती काजळी. पणतीच्या ज्योतीवर वाटी धरली की तिच्या बुडाशी जी जमते, तिचीच ही कारखान्यातली बहीण. ही काजळी नुसता रंग देत नाही. सूर्यप्रकाशातले जे अदृश्य, जळजळीत किरण प्लास्टिकला खातात ते ती स्वतः शोषून घेते. लेकराच्या डोळ्यांत आजी काजळ घालते तसाच काहीसा हा प्रकार म्हणायचा. परंतु वर्षानुवर्षांच्या उन्हापुढे काजळाचे तरी काय चालणार! प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या वरच्या पापुद्र्यात तुटू लागतात, तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आणि त्या खडबडीत भेगांवर प्रकाश चहूकडे विखुरतो. खडीसाखर आरपार दिसते, पण तीच कुटली की पिठी पांढरीशुभ्र होते, तसेच हे. पाणी भेगांत शिरले की क्षणभर प्रकाश विखुरायचा थांबतो आणि आतला काळेपणा डोळ्यांना दिसतो.

मिस्त्रींनी मग तीन उपाय सांगितले. पहिला, पॉलिशचा. सिलिकॉनचे तेलकट पॉलिश फडक्याने चोळायचे. भेगा बुजतात, बंपर काळा दिसतो. पण पाऊस-उन्हात काही आठवड्यांत उतरतो. काही लोक पैसे वाचवायला खोबरेल तेल किंवा डिझेलचे फडके मारतात. ते तर धूळ तेवढी गोळा करते. दुसरा, गरम हवेचा. हिट गनने वरचा पापुद्रा किंचित वितळवायचा, म्हणजे भेगा आपोआप मिटतात. हे काम टिकते. पण हात सवयीचा हवा. पॉलिप्रोपिलीन एकशे साठ अंशांच्या आसपास वितळते. गन एका जागी क्षणभर जास्त रेंगाळली तर प्लास्टिकवरचे बारीक दाणे जातात, तिथे गुळगुळीत चकाकता डाग पडतो आणि तो जन्माचा राहतो. शिवाय उन्हाने खाल्लेले काही परत येत नाही, उरलेल्यावरच भागवायचे. तिसरा, रंगाचा. नीट घासून, अस्तर देऊन प्लास्टिकचा काळा रंग मारायचा. म्हणजे खालचे काय झाले आहे ते पुढे कोणाला दिसायलाच नको.

“विकायची आहे ना? मग पहिलाच करा,” मिस्त्री म्हणाले. “तुम्हाला दसऱ्यापर्यंतच टिकवायचंय.”

या वाक्यात त्या धंद्याचे सारे नीतिशास्त्र आले होते. परंतु तेव्हा ते मला ऐकू आले नाही. आणखी एक वाक्य मिस्त्री बोलले, तेही मी ऐकून न ऐकल्यासारखे केले. “चढाला क्लच थोडा घसरतोय, गुरुजी. अजून चालेल काही दिवस. पण सांगून ठेवतो.”

अर्ध्या तासात गाडी बदलली. काळ्याभोर बंपरमुळे तिचा मूळचा तांबडा रंगही उजळल्यासारखा दिसू लागला. घरी आणली तेव्हा सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, “अगंबाई, नवरदेव दिसतोय की! हे आधी का नाही केलंत? नऊ वर्षं मी त्या पांढऱ्या तोंडाच्या गाडीतून लग्नांना गेले!”

या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपण राहतो तोवर भिंतीला रंग देत नाही. भाडेकरू यायचा म्हटले की देतो. जे आपल्याला नऊ वर्षे चालले ते परक्याला दाखवताना मात्र चालत नाही.

संध्याकाळी तो मुलगा आला. मुलगा म्हणतो खरा, पण पस्तिशीचा बाप्या. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. दार उघडले, लावले. बंपरवरून हात फिरवला आणि भरल्या आवाजात म्हणाला, “सर, किती जपलीत हो गाडी! आमच्या वह्यांना कव्हर नसलं तर तुम्ही रागवायचात, ते आठवलं.”

त्याने बॉनेट उघडले नाही. चढावर चालवून पाहिली नाही. एक प्रश्न विचारला नाही. दोन दिवसांनी पैसे घेऊन येतो म्हणाला, पाया पडला आणि गेला.

त्या रात्री मला झोप आली नाही. फसवल्याबद्दल शिव्या खाल्लेल्या माणसाला झोप येत असेल; पण फसवणुकीबद्दल शाबासकी मिळालेल्या माणसाला येत नाही. नऊ वर्षे मी गाडीवर साधे कापड टाकले नव्हते, आणि “किती जपलीत” ही पदवी मी तीनशे रुपयांत मिळवली होती. अंथरुणात पडल्या-पडल्या मला आणखी एक गोष्ट आठवली. आम्ही ही गाडी घेतली तेव्हाही हा बंपर असाच काळाकुळकुळीत होता, आणि पहिल्याच वळिवाच्या पावसानंतर तो पांढरट पडला होता. तेव्हा त्या विकणाऱ्याला मी मनातल्या मनात काय-काय म्हटले होते, ते इथे लिहिण्यासारखे नाही. आता ती सारी विशेषणे पत्ता बदलून माझ्याकडे परत आली होती.

तरीही मनाचा वकील गप्प बसत नाही. तो म्हणाला, “यात खोटे ते काय? काळा रंग आतच होता. मिस्त्रीने बाहेरून आणून चिकटवला नाही. जे होते तेच दिसू लागले. पांढरेपणा हाच मुळी प्रकाशाचा भास. मग भास दूर करणे म्हणजे खोटे बोलणे कसे?”

युक्तिवाद बिनतोड होता. त्याला उत्तर शोधताना मला जॉन रस्किन आठवला. गांधीजींनी ज्याच्या पुस्तकाचे सार ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत आणले, तोच हा इंग्रज लेखक. त्याने १८४९ मध्ये वास्तुकलेच्या सात दीपांवर एक पुस्तक लिहिले. त्यात तो जुन्या इमारतींच्या जीर्णोद्धारावर तुटून पडतो. त्याच्या मते जीर्णोद्धार ही आरंभापासून अखेरपर्यंत लबाडी आहे; कारण दगडावर काळाने जे लिहिले ते पुसून, जणू काळ गेलाच नाही असे तो भासवतो. इमारतीची रोजच्या रोज काळजी घ्या, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही, असे त्याचे सांगणे. माझ्या गाडीच्या बंपरवरचा पांढरेपणाही तसाच एक लेख होता. “ही गाडी नऊ वर्षे उन्हात उभी होती, आणि मालकाने तिच्यावर कापड टाकले नाही,” असा तो लेख. काळा रंग खरा होता, तसाच पांढरा रंगही खरा होता. एक प्लास्टिकविषयी खरे सांगत होता, दुसरा माझ्याविषयी. मी पुसले ते हे दुसरे सत्य.

परंतु रस्किनचे सगळेच मला पटेना. आपल्याकडे जीर्णोद्धार हे पुण्यकर्म मानले जाते. अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये काशीविश्वेश्वराचे देऊळ उभे केले. त्यांना लबाड कोण म्हणेल? आपल्याकडे जीर्णोद्धार करणारा बहुधा दाराशी एक दगड बसवतो आणि कोणी, केव्हा, काय केले ते त्यावर कोरून ठेवतो. त्यात थोडी कीर्तीची हाव असेल. पण त्यात एक कबुलीही असते. देऊळ उजळते आणि उजळल्याचे आपण होऊन सांगतेही.

इथे मला माझ्या लहानपणचा कल्हईवाला आठवला, आणि उत्तराचे टोक सापडल्यासारखे वाटले.

माझ्या पिढीतल्या वाचकांना तो आठवत असेल. खांद्यावर भाता, झोळीत कथील आणि नवसागर. “कल्हईऽऽ” अशी त्याची आरोळी साऱ्या आळीत घुमे. अंगणात खड्डा करून तो भट्टी पेटवी, पातेले लालबुंद तापवी, नवसागराची पूड टाकी, त्या धुराने नाक झोंबे. आणि मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने तो असा काही हात फिरवी, की काळ्या पातेल्याच्या पोटात चांदणे पसरे. मग पाण्यात बुडवल्याचा चर्रर्र आवाज! आम्ही पोरे तोंड उघडे टाकून पाहत असू. तेही जुन्याला नवे करणेच होते. वरची चांदी खोटी होती, खाली तांबे-पितळच होते. पण त्या झिलईला कोणी फसवणूक म्हटले नाही. एक तर ती कामाची होती; कल्हई नसेल तर ताक-आमटी कळकते, माणूस आजारी पडतो. आणि दुसरे म्हणजे, ती भर अंगणात, आरोळी ठोकून होत असे. पातेल्याला कल्हई केली आहे हे साऱ्या आळीला ठाऊक. ती पुन्हा उडणार हेही ठाऊक. आणि उडाली की तो पुन्हा येणार हेही ठाऊक.

मला वाटते, झिलईच्या खरेखोटेपणाची कसोटी हीच. जी आळीत ओरडून सांगता येते ती कल्हई. जी सांगितली की तिची किंमत शून्य होते, ती फसवणूक. आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ शिक्षक केसांना कलप लावतात. ते साऱ्या शाळेला माहीत आहे. ते स्वतःच रविवारी डोक्याला फडके बांधून ओट्यावर बसलेले असतात. त्यांच्या काळ्या केसांनी आजवर कोणाचे नुकसान झालेले नाही. पण तोच कलप लावून एखादा गृहस्थ वधूपित्यासमोर बसला आणि वय दहा वर्षांनी कमी सांगू लागला, तर बाटली तीच असूनही कृत्य निराळे होते. झिलई निष्पाप असते. पाप असते ते तिच्यामागच्या मौनात.

मनाचा वकील अजून हार मानायला तयार नव्हता. त्याने कायद्याचे पुस्तक काढले. आपला करारांचा कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे, आणि तिथे एका घोड्याचे उदाहरण दिले आहे. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत आहे. तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसते गप्प राहणे हा गुन्हा नाही. “पाहा!” वकील म्हणाला, “मोटार म्हणजे आजचा घोडाच. क्लचबद्दल त्याने विचारले नाही, तू बोलला नाहीस. संपले.”

पण दुर्दैवाने मला त्या कलमातले पुढचे उदाहरणही माहीत होते. घोडा तोच, विकणारा तोच. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी. कायदा म्हणतो, आता मात्र खोड सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. तिथे नाते बोलायला भाग पाडते. ज्याने विश्वासाने डोळे मिटून घेतले आहेत, त्याच्या मिटलेल्या डोळ्यांची जबाबदारी ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच्यावर येते. शिवाय नुसते गप्प राहणे वेगळे आणि झाकण्यासाठी हात हलवणे वेगळे, हाही भेद त्याच कलमात आहे. जाणूनबुजून झाकाझाक केली की ती फसवणूकच. क्लचबद्दल मी केवळ गप्प होतो. पण बंपर चमकवून मी त्याचा प्रश्नच पुसून टाकला होता. पांढरा बंपर दिसला असता तर त्याने निदान विचारले असते, “सर, गाडी उन्हात असते का? आतून कशी आहे?” तीनशे रुपयांच्या पॉलिशने मी पाच हजारांचा क्लच झाकला होता. आणि तो क्लच पाटणच्या चढावर, त्याची म्हातारी आई आणि चार वर्षांची मुलगी गाडीत असताना घसरणार होता.

महाभारतात सांगितले आहे, की धर्मराजाचा रथ सत्याच्या बळावर जमिनीपासून चार अंगुळे वर चाले. द्रोणाचार्यांना ऐकवलेल्या त्या एका अर्धवट वाक्यानंतर तो खाली टेकला. लहानपणी मला वाटे, चार अंगुळे म्हणजे असे काय मोठे? इतरांचे रथ जमिनीवरूनच चालत होते की! आता वाटते, व्यासांनी ते माप फार विचाराने निवडले आहे. माणसाचा मोठेपणा तेवढाच असतो. चार अंगुळे. आणि तो जातो तोही मोठ्या असत्याने नाही. आवाज किंचित खाली आणल्याने.

माझा रथ काही कधी हवेतून चालला नाही. पण एका माणसाच्या नजरेत तो चार अंगुळे वर होता, आणि ती नजर मीच तीनशे रुपयांना विकायला काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानात गेलो. तो एका मोबाइलचे पोट उघडून बसला होता. मी म्हटले, “अरे, गाडीचा बंपर परवाच पॉलिश करून आणलाय. एरवी पांढरा आहे. महिना-दोन महिन्यांत पुन्हा पांढरा होईल. मी गाडी जपलेली नाही, उन्हात ठेवली. आणि चढाला क्लच घसरतो. मिस्त्रींनी मला सांगितलं होतं. मी तुला सांगितलं नाही.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटले होते, तो हसून “असू दे हो सर” म्हणेल. गोष्टीतले विद्यार्थी तसे म्हणतात. पण तो प्रपंची माणूस होता. त्याने हातातला स्क्रू डबीत ठेवला आणि विचारले, “अजून काही आहे का, सर?”

हा प्रश्न त्याने परवा विचारायला हवा होता, आणि परवा विचारू नये अशीच व्यवस्था मी केली होती. मी सांगितले, की डावे मागचे दार एकदा खांबाला घासले होते, रंग मारून घेतला आहे. त्याने मान हलवली. संध्याकाळी तो एका ओळखीच्या ड्रायव्हरला घेऊन आला. दोघांनी गाडी आगाशिवच्या पायथ्याशी चढावर नेऊन पाहिली, बॉनेट उघडले, खाली वाकून बघितले. ठरलेल्या किमतीतून क्लचचे पाच हजार कमी झाले. तो सौदा मास्तर आणि विद्यार्थी यांचा राहिला नाही; एका गाडीवाल्याचा आणि एका गिऱ्हाइकाचा झाला. त्याचे मला थोडे वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. खरे बोलल्याबरोबर गेलेली किंमत तशीच्या तशी परत मिळते, ही समजूत खोटी आहे. काही अंगुळे जातात ती जातातच.

सौभाग्यवतींनी हिशेब ऐकला आणि एवढेच म्हणाल्या, “पॉलिशला तीनशे आणि ते सांगायला पाच हजार. पुढच्या वेळी आधीच सांगा, तीनशे तरी वाचतील.” मी आजवर नीतिशास्त्रावर जे काही वाचले, त्यात इतके नेमके वाक्य मला आढळलेले नाही.

गाडी दसऱ्याला त्याच्या घरी गेली. निघण्याआधी त्याने क्लच बदलून घेतला.

यंदाच्या जूनमध्ये, पहिल्या पावसात ती मला दत्त चौकात दिसली. पुढच्या सीटवर एक म्हातारी बाई काचेला नाक लावून पाऊस पाहत होती. पावसात भिजून बंपर काळाभोर झाला होता, अगदी नव्यासारखा. पावसात सगळ्यांचेच बंपर काळे दिसतात. त्यात कोणाची लबाडी नसते. मी हात केला, तो थांबला. काच खाली करून म्हणाला, “सर, वाळला की पांढराच दिसतो हो!” आणि या वेळी मात्र तो मोकळेपणाने हसला.

परवा तो पुन्हा भेटला. हातात पॉलिशची डबी आणि दोन फडकी होती. म्हणाला, “दिवाळी आली ना. पोरगी म्हणते, गाडीलापण अभ्यंगस्नान घालायचं. अंगणात बसून दोघं चोळणार आहोत. चार दिवस दिसेल चांगली.”

डबी तीच होती. दुकानही बहुधा तेच असेल. पण आता ते पॉलिश भर अंगणात, एका पाच वर्षांच्या मुलीच्या आरडाओरड्यात लागणार होते. आळीतल्या सगळ्यांना ते कळणार होते, आणि चार दिवसांनी उतरेल हेही कळणार होते. म्हणजे ती आता कल्हई झाली होती.

आमच्या समया आज चिंचेने घासून झाल्या आहेत. उद्या पुन्हा काजळी धरायला लागतील. धरू द्या. पुढच्या दिवाळीला आपण त्या पुन्हा अंगणातच घासू.